मी सांगितलं का?

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडते. एके सकाळी मी मागं मोरीत कपडे धूत होते आणि खिडकीतून हाक आली, "वैनी, दूध वर आलंया!" आवाज शिवाण्णांचा. "बघते," म्हणत मी ओल्या हातानं उठले, तोवर पुढच्या दारावर काठीची ठकठक सुरू झाली. एवढी घाईची ठकठक म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट झालं असणार, असं वाटून मी स्वयंपाकघर सोडून दाराकडं धावले. दारात शिवाण्णाच उभे, धापा टाकत.

"वैनी, मी सांगितलं का तुमाला, दूध वर आलंया म्हणून?"

"सांगितलंत की!"

"कवा?"

"आत्ताच!"

"आन् तुमी काय म्हनला?"

"बघते म्हणाले!"

"मग झालं," असं म्हणून ते पायरी उतरले. तोपर्यंत दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून पिठाच्या डब्यावर पोचलं होतं. मी चांगलंच फैलावर घेणार होते त्यांना. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटल्याचं दिसत होतं की माझं तोंडच उघडेना. तो राग मग घरातल्या इतरांवर निघाला. माझे यजमान त्या दिवशी बिनदुधाचा चहा पिऊन कोर्टात गेले.

शिवाण्णा आमच्या समोरच्या घरात भाड्यानं राहायचे. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, पण उजवा खुबा मोडलेला, त्यामुळं चालताना अख्खा देह एका अंगाला कलायचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग, आणि डाव्या दंडावर गोंदलेला नांगर. शेताचा नव्हे, जहाजाचा. त्या नांगरामुळं गल्लीतली तालमीची पोरं त्यांना 'कप्तान' म्हणून चिडवायची. ते कप्तान नव्हते. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातल्या लिंगायत दुकानदाराचा हा थोरला मुलगा जहाजावर साधा खलाशी होता, आणि तेही काही वर्षंच. समुद्रावर जायचं खूळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पंचगंगेच्या पुरात पवायचो न्हवं मी. वाटलं, समुद्र म्हंजे मोठा पूर असंल." कुणीतरी मुंबईतल्या एजंटाचा पत्ता दिला आणि गूळ-शेंगदाणे तोलणारा माणूस बोटीवर चढला.

परत आला तो स्ट्रेचरवरून. मग अपंगांसाठीच्या योजनेतून त्यांना एसटीडीचा बूथ मिळाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पिवळी पाटी, काचेची केबिन, बाहेर एक स्टूल. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा घरोघर फोन नव्हते. निम्म्या गल्लीनं पाव्हण्यारावळ्यांना शिवाण्णांचा नंबर देऊन ठेवला होता. निरोप आला की शिवाण्णा बूथ उघडा टाकून काठी टेकत निघायचे. "काकू, गारगोटीस्नं फोन हुता, तुमची लेक उद्या येतीया." काकू बरं म्हणायच्या. अर्ध्या वाटेवरून शिवाण्णा माघारी. "काकू, मी सांगितलं का, लेक येतीया म्हणून?" संध्याकाळी बूथ बंद करून जाताना पुन्हा एकदा. एका बारशाचा निरोप त्यांनी इतक्यांदा सांगितला की त्या घरची म्हातारी म्हणाली, "आता पोरगं शाळंत जाईल, आण्णा."

सगळे हसायचे, मीही हसायची. हे असं कशापायी, ते मला नंतर कळलं. आणि कळल्यावरही सगळं समजलं असं मी म्हणणार नाही.

माझे यजमान, म्हणजे हे, अपघाताच्या दाव्यांचे वकील. त्यांची सगळी वकिली एसटी, ट्रक आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांवर उभी. आमची पुढची खोली हेच ऑफिस, त्यामुळं कोण कुठं कशाखाली सापडलं हे मला भाजी चिरता चिरता ऐकू यायचं. शिवाण्णा जहाजाची केस घेऊन आले तेव्हा ह्यांनी जोरात हो म्हटलं आणि मग आठवडाभर डोकं धरून बसले. ट्रॅक्टरचं बरं असतं, नंबर बघितला की मालक सापडतो. ह्या जहाजाचा मालक एका देशातला, जहाजावर झेंडा दुसऱ्या देशाचा, चालवणारी कंपनी तिसरीकडची, विमा चौथीकडं, आणि शिवाण्णांना कामावर धाडणारा एजंट मुंबईत एका जिन्याखाली बसणारा.

"अगं, नोटीस काढायची कुणाला?" हे मला विचारायला लागले, म्हणजे बघा.

मी म्हटलं, "सगळ्यांना काढा. कुणीतरी उत्तर देईल."

सगळ्यांना काढली. सगळ्यांनी उत्तर दिलं, आणि प्रत्येकानं जहाज दुसऱ्याचं असल्याचं कळवलं. शेवटी मुंबईतला एक वकील जोडीला घेऊन हे गाडं कसंबसं कोर्टात उभं राहिलं.

झालं होतं ते असं. जहाज एका परक्या बंदरात तपासणीला जाणार होतं. मोठ्या साहेबाचा हुकूम सुटला की सगळं चकचकीत दिसलं पाहिजे. जहाजाच्या कडेला जीव वाचवायची होडी टांगलेली असते, जहाज बुडायला लागलं तर माणसांनी त्यात बसून सुटायचं. ती होडी ज्या जाड तारांवर खालीवर होते त्या तारांना ग्रीस फासायचं, वर रंग मारायचा, हे काम शिवाण्णांकडं आलं. त्यांनी ते केलं. पुढच्याच आठवड्यात कवायतीसाठी होडी खाली सोडली, आणि माणसांसकट वर ओढताना एक तार तुटली. होडी एका टोकानं कलली आणि खाली गेली. आतल्या दोघांपैकी एक शिवाण्णा. दुसरा दत्ताराम, रत्नागिरीकडचा, खलाशांचा मुकादम. त्याला सारंग म्हणतात. तो जागीच गेला.

ह्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आतल्या दाराशी उभी होते.

"तार खराब आहे हे तुम्हाला दिसलं होतं?"

"व्हय. ग्रीस लावताना फडकं अडकलं. बगितलं तर आतलं धागं तुटल्यालं. मनात म्हनलं, सारंगाला सांगाय पायजे."

"मग सांगितलं?"

शिवाण्णांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "सारंग माज्या म्होरं आला, ते मला दिसतंया. त्वांड दिसतंया त्येचं. पर आवाज ऐकू येत न्हाय. त्येचा बी न्हाय आन् माजा बी न्हाय. सांगितलं का नुसतं सांगायचं मनात हुतं, ते काय कळंना बगा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस गल्लीभर कोणता प्रश्न विचारत फिरतोय. उतू गेलेलं दूध मी त्या दिवशी माफ केलं.

ह्यांना मात्र माफबिफ करायला वेळ नव्हता. जखमेच्या मापानं कायद्यात ठरलेली भरपाई थोडकी होती, ती मिळालीच असती. पण शिवाण्णांना हवी होती ती मोठी भरपाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खुब्याचा सांधा बदलला तर काठी सुटेल, दुखणं थांबेल. त्या काळी तो सांधा बाहेरून यायचा आणि त्याचा खर्च ऐकून गौराक्का, शिवाण्णांची बायको, खालीच बसली होती. मोठी भरपाई मिळायची तर जहाजवाल्यांचा निष्काळजीपणा दाखवायला हवा होता. कंपनी म्हणत होती, तार खराब असल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही, रंग मारणाऱ्यानंच ते झाकलं. ह्यांचं म्हणणं, शिवाण्णांनी वरच्या माणसाला, म्हणजे सारंगाला सांगितलं, की त्यांची जबाबदारी संपली.

"मग त्येच्या बायकुचं काय हुतंय?" शिवाण्णांनी विचारलं.

सारंगाच्या बायकोचाही दावा चालू होता, वेगळा. ह्यांनी खरं तेच सांगितलं. सारंगाला माहीत होतं असं ठरलं तर कंपनी दोष त्याच्यावर ढकलणार. माहीत असून वर कळवलं नाही, माहीत असून होडीत बसला. तिची भरपाई बुडायचीच.

"आन् मी कुनालाच सांगितलं न्हाय म्हनलो तर?"

"तर दोष तुमचा. सारंगावर दोष नाही म्हणून तिला मिळेल, तुमचा सांधा विसरा," हे म्हणाले. "शिवाण्णा, तिची काळजी करायला तिचा वकील आहे. तुम्हाला त्याचं तोंड दिसतंय ना समोर? मग सांगितलंच असणार तुम्ही. समोर माणूस आल्यावर तुम्ही गप्प बसणाऱ्यातले आहात का?"

"असंल की," शिवाण्णा म्हणाले. त्या 'असंल की'वर दाव्यात लिहिलं गेलं की सांगितलं होतं.

मला ते बरोबर वाटलं. चूकही वाटलं. मी ह्यांना तसं म्हटलं तर हे म्हणाले, "तू आधी काय ते एक ठरव." ते मला आजतागायत जमलेलं नाही.

त्या सारंगाबद्दल शिवाण्णा क्वचित बोलायचे. एकदाच, बूथवर गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, त्यांनी मला सांगितलं की जहाजावर रोज मासे-मटण असायचं आणि त्यांची उपासमार व्हायची. दत्ताराम स्वतः कोकणातला, माशावाचून घास न उतरणारा. पण तो भटारखान्यात जाऊन भांडला, शिवाण्णांसाठी वेगळं पातेलं काढायला लावलं, आणि त्या पातेल्यावर खडूनं खूण केली. "माज्या ताटाला कुनाचा हात लागू दिला न्हाय त्येनं. बटाटं उकडून द्यायचा सोता. मला म्हनायचा, शिवा, तुजं देव माज्या माशास्नी भितंय बग." एवढं बोलून त्यांनी फोनचा रिसीव्हर पुसायला घेतला आणि पुसतच बसले.

गणपतीत एकदा गंमत झाली. आमच्या मंडळानं मांडवावर मोठे दिवे चढवायला कप्पी लावली होती. शिवाण्णांनी येता-जाता तिचा दोर बघितला आणि मंडळाच्या अध्यक्षाला सांगितलं, दोर कुजलाय. मग त्याच्या दुकानात जाऊन सांगितलं. मग तो जेवत असताना घरी जाऊन सांगितलं.

"आण्णा, सांगितलंय तुमी! कितींदा सांगतासा? जावा की आता घरला!"

"सांगितलं न्हवं? मग दोर बदलला का?"

"बदलू की!"

शिवाण्णा गेले आणि बूथवरचं स्टूल आणून बरोबर कप्पीच्या खाली, मांडवाच्या मधोमध बसले. कुणी हलवायला गेलं की काठी उगारायचे. पोरांनी 'कप्तान, जहाज सोडा' म्हणून आरडाओरडा केला. बायका हसून बेजार. आरतीची वेळ झाली, तबक घेऊन भटजी उभे, आणि वाटेत हा एवढा थोरला माणूस. शेवटी दोर बदलला, तो कुजला होता म्हणून नव्हे, आरती खोळंबली म्हणून. काढलेला दोर खरंच कुजका होता की नाही हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

साक्षीची वेळ आली ती काही वर्षांनी. तेव्हा शिवाण्णांचा खुबा पुन्हा सरकला होता आणि ते कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टरमध्ये पडून होते. मुंबईला जाणं शक्य नव्हतं. म्हणून कोर्टानं साक्ष घरीच नोंदवायला सांगितलं. कोल्हापुरातलेच एक वयस्कर वकील त्या कामासाठी नेमले गेले, आणि कंपनीतर्फे मुंबईहून एक तरुण वकील आला. गोरापान, टाय लावलेला, बोलायला फार मऊ.

आता तुम्हीच सांगा, उलटतपासणीला येणाऱ्या वकिलासाठी पुरणपोळी कुणी करतं का? गौराक्कानं केली. पुरणपोळी, कटाची आमटी, शेंगांची चटणी, घट्ट दही. पोळ्या लाटायला मी गेले होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. नेमलेले वकील म्हणाले, आधी काम उरकू. शिवाण्णा खाटेवरून म्हणाले, "न्हाय जमायचं. पावणं उपाशी आन् मी त्येंच्याशी बोलत बसू व्हय?" झालं. सगळे पाटावर. खाटेवर पडल्या पडल्या शिवाण्णांचं लक्ष पंगतीवर. "वकीलसाहेबास्नी तूप वाढ."

गौराक्कानं विचारलं, "कुठल्या?"

"मुंबईच्या. त्येंचं पान कोरडं दिसतंया."

माझे यजमान घास चावत होते की दात, हे सांगणं कठीण होतं. "तो आपल्या विरुद्धचा आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"असू दे की. घरात हाय तवर पावणाच."

जेवणं झाली. सतरंजीवर कागद पसरले. शपथ झाली. हात पुसत मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, गौराक्का माझ्या मागं. मुंबईचा वकील अगदी हळू विचारत होता, जेवणाचं ओझं त्याच्याही आवाजात होतं. रंग तुम्ही मारला? व्हय. कुणाच्या हुकमानं? मोठ्या सायबाच्या. तारेचे आतले धागे तुटलेले दिसले? व्हय, दिसलं.

"आणि ते तुम्ही सारंगांना सांगितलंत, असं तुमच्या दाव्यात आहे."

"न्हाय."

ह्यांच्या हातातलं पेन थांबलं.

"काय नाही?"

"सांगितलं न्हाय. कुनालाच सांगितलं न्हाय."

मुंबईचा वकीलच गोंधळला. त्यानं बहुतेक दुसरी तयारी केली होती. "म्हणजे सारंगांना तार खराब असल्याचं—"

"त्येला कायबी ठावं न्हवतं."

"तुम्ही विचार करून सांगा. दाव्यात तर—"

"एकदा सांगितलं न्हवं?" शिवाण्णा म्हणाले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

हे उठून बोलायला लागले, नेमलेल्या वकिलांनी त्यांना बसवलं, आणि जे बोललं गेलं ते लिहिलं गेलं. मागून गौराक्काचा हात माझ्या दंडावर आला.  जाताना मुंबईच्या वकिलानं वाकून शिवाण्णांना नमस्कार केला. तो कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी गौराक्का माझ्याकडं आली आणि ओट्यापाशी बसून रडली. "वैनी, ह्यांनी खरं सांगितलं का खोटं? झोपंत रोज बोलत्यात ओ त्या सारंगासंगं. तार गेलीया, तार गेलीया, म्हनत्यात. झोपंत रोज सांगनारा मानूस तवा गप बसला असंल व्हय?"  मी म्हटलं, त्यांनाच विचार. ती म्हणाली, "इचारलं. म्हनले, साक्ष झाली आता."

निकाल लागायला आणखी बराच काळ गेला, पण लागला तो ह्यांनी म्हटल्याप्रमाणंच. शिवाण्णांना कायद्यातलं थोडकं मिळालं, ते प्लॅस्टर आणि औषधातच संपलं. सांधा तसाच राहिला, काठीही राहिली. सारंगाच्या बायकोला चांगली भरपाई मिळाल्याचं ह्यांच्या मुंबईच्या जोडीदारानं कळवलं. हे शिवाण्णांशी बोलेनासे झाले. वर्षानुवर्षं कागद जमवायचे आणि अशिलानं जेवण वाढून केस पाडायची, हे ह्यांना पचलं नाही. समोरासमोर घरं, पण हे गल्लीत दुसऱ्या बाजूनं चालायचे.

आणि एक झालं. त्या साक्षीपासून शिवाण्णांनी निरोप दुसऱ्यांदा सांगणं सोडलं. एकदा सांगायचे आणि निघून जायचे. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं, त्यांना आठवलं असणार, सांगितलं नव्हतं हे नक्की आठवलं असणार, म्हणून मन शांत झालं. मग वाटायचं, मुद्दाम खोटं बोलले असतील, आता विचारण्यात अर्थ उरला नाही म्हणून गप्प. दोन्ही पटायचं. ह्यांचं मत एकच होतं, की माणूस मूर्ख आहे.

मोबाईल आले तसा बूथ ओस पडला. पिवळी पाटी उतरली, केबिन भंगारात गेली. शिवाण्णा घरी बसून रिचार्जची कार्डं विकायचे, एरवी शेंगा सोलायचे.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता हे राहिले नाहीत, शिवाण्णाही नाहीत, आणि ज्यांना त्याचा त्रास झाला असता त्यांची मुलं मार्गाला लागून जमाना झाला.

एका उन्हाळ्यात दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, घामेजलेली, काखेत आंब्याची पेटी. कोकणातून घाट चढून एसटीनं आलेली. "वकिलांचं घर हेच ना? मी दत्ताराम सारंगांची बायको." हे कोर्टात होते. मी तिला पाणी दिलं. पेटीतले निम्मे आंबे तिनं माझ्या ओट्यावर ठेवले, नको म्हटलं तरी. निम्मे शिवाण्णांसाठी. मी तिला समोर घेऊन गेले.

गौराक्का गावी गेली होती. शिवाण्णा एकटेच खाटेवर शेंगा सोलत बसले होते. कोण आलंय हे मी सांगितल्यावर ते काठी धरून उभे राहिले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"बसा, ताई."

ती बसली नाही. वाटेभर घोकत आल्यासारखं तिनं एका दमात सांगितलं. "भावजी, तुम्ही सांगितलं होतंत. ह्यांचा फोन आला होता शेवटच्या बंदरातून, शेजारच्या दुकानात. म्हणाले, होडीची तार आतून गेलीय, शिवानं सांगितलं मला, साहेबाला बोलतो आता. मी म्हटलं, जपून राहा. तेवढंच बोलणं झालं. मग ते गेले. मग माझा वकील म्हणाला, ह्यांना ठाऊक होतं हे निघालं तर काही मिळणार नाही. पोरं लहान होती हो भावजी. मी तोंड उघडलं नाही. तुम्ही साक्षीत नाही म्हणालात ते मला वाचून दाखवलं, तरी उघडलं नाही."

मला त्या बाईचा इतका राग आला की तिला दाराबाहेर काढावंसं वाटलं. आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही, नुसती उभी राहिले.

शिवाण्णांच्या मुठीत शेंगदाणे तसेच होते. "त्यो म्हनला व्हय तसं? शिवानं सांगितलं म्हनला?"

"हो."

"आन् सायबाला बोलला का त्यो?"

"ते मला नाही ठाऊक. तेवढं कळायच्या आतच..."

शिवाण्णा खाली बसले. मुठीतले शेंगदाणे खाली ठेवून म्हणाले, "पोरं काय करत्यात?" मुलगा शिकून नोकरीला लागला होता, मुलीचं लग्न झालं होतं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. पोरांची नावं विचारली. माठातलं पाणी स्वतः उठून दिलं.

ती एसटी गाठायला निघाली. तिला रिक्षात बसवून आम्ही दोघं गल्लीतून परत येत होतो. मला राहवेना. "शिवाण्णा, साक्षीच्या दिवशी तुम्हाला आठवत होतं का नव्हतं?"

"न्हवतं ओ, वैनी. आठवत न्हवतं म्हनून तर न्हाय म्हनाय आलं. आठवत असतं तर शपत घिऊन, घरच्या पावण्यांम्होरं, खोटं कसं बोललो असतो मी?" ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "म्हंजे वैनी, मी सांगितलं हुतं हे आज कळलं, आन् मी खोटं बोललो हे बी आजच कळलं."

  रस्त्याच्या मधोमध आम्ही उभे, मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून वैतागला.

"वकीलसाहेबास्नी सांगू नका. तिचं पैसं काढून घेतील कुनीतरी."

इतक्या वर्षांनी तसं काही होतं का, हे मला माहीत नव्हतं. विचारायचं तर ह्यांनाच विचारायला हवं होतं. मी नाही सांगणार म्हटलं.

त्यानंतर आठवडाभरातच शिवाण्णांचे धाकटे भाऊ त्यांना गावी घेऊन गेले. तिकडंच ते वारले, आम्हाला उशिरा कळलं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच संध्याकाळी.

हे कोर्टातून येऊन ओसरीवर बसले होते. मी ओट्यावरचे आंबे ताटात घालून दिले. बाजारात मिळाले म्हटलं. पहिलाच आंबा गोड लागला आणि ह्यांची कळी खुलली. समोरून शिवाण्णा काठी टेकत जात होते. कित्येक वर्षांत जे केलं नव्हतं ते ह्यांनी केलं. "या शिवाण्णा," म्हणाले, "आंबा खाऊन जा."

शिवाण्णा माझ्याकडं न बघता आले आणि पायरीवर बसले. ह्यांनी एक चांगला पिकलेला निवडून त्यांच्या हातात दिला. ते सावकाश, सालीसकट चोखत खायला लागले.

"काय गोडी आहे बघा," हे म्हणाले. "हा आपल्याकडचा नव्हे. कोकणातला असणार, नाही का?"

"मला काय ठावं न्हाय, वकीलसाहेब," शिवाण्णा म्हणाले आणि कोय चोखत बसले.